कुत्र्याची खाज, ॲलर्जी आणि आपला पावसाळा: कोणी काय उपाय केलेत?

केपेकर
नमस्कार मंडळी. आमचा ब्रुनो, लॅब्रॅडोर, अडीच वर्षांचा. गेल्या पावसापासून पंजे चाटत बसतो, चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झालेत, कानांना आंबूस वास येतो, पोटाखाली लाल आणि काखेत कातडी जाड होऊन काळी पडत चाललीय. रात्रभर कान झटकणं आणि पट्ट्याचा खुळखुळाट, घरात कोणाला झोप नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी खाज गायब, आम्ही खूश, आणि काही आठवड्यांनी पुन्हा जैसे थे. परत इंजेक्शन, परत तेच. कसलं इंजेक्शन विचारलं तर "ॲलर्जीचं" एवढंच उत्तर, कागदावर नाव नाही. हे असंच किती वर्षं चालवायचं? कायमचं बरं होतं का? कोणाचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

सत्तरीकर
करंजेल (करंजाचं) तेल लाव रे. त्यात थोडा गंधक खलायचा, ते लावून कुत्र्याला उन्हात बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच. आमच्या कुत्र्यांना कधी डॉक्टर माहीत नाही.

बार्देशी_बाय
सत्तरीकर दादा, तुमची कुत्री भाटात (बागायतीत) मोकळी फिरणारी गावठी, ती आणि फ्लॅटमधला लॅब यांच्यात फरक आहे की नाही? :)
केपेकर, पिसवा बघितल्यात का नीट? शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या मागच्या भागात केस बाजूला करून बघा, काळी काळी कणी दिसते का. ती कणी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

केपेकर
पिसवा नाहीत हो. म्हणजे दिसत तरी नाहीत. महिन्याला पावडर मारतो.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, गोव्यातच प्रॅक्टिस करतो, त्यामुळे जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

पहिली गोष्ट, "दिसत नाहीत" याचा अर्थ "नाहीत" असा होत नाही. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला एक-दोन चावे पुरतात, आणि तो इतका चाटतो की पिसू गिळून टाकतो, मग तुम्हाला काय दिसणार? शिवाय पिसवांची अंडी, अळ्या, कोष हे सगळं कुत्र्यावर नसतंच, ते असतं गोणपाटात, सोफ्याच्या फटीत, बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) कोपऱ्यात. अंगावर पावडर मारून तिथलं काही मरत नाही. आपल्याकडे थंडी अशी पडत नाहीच, म्हणून पिसवांना सुट्टीही नाही, बारा महिने औषध लागतं. फ्लुरालॅनर, ॲफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर या गटातली खायची गोळी (ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पॅरिका ही त्यांची ब्रँडची नावं) वजनाप्रमाणे द्यायची. पहिली साधारण १२ आठवडे चालते, बाकीच्या दोन्ही दर महिन्याला एक. या गोळ्यांनी खरजेचे आणि कातडीतले डेमोडेक्स नावाचे किडेही जातात, म्हणून मी खाजेच्या केसमध्ये हे आधी उरकतो. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचं, या गटाने झटके येऊ शकतात.

दुसरं म्हणजे इन्फेक्शन. तुम्ही लिहिलेला आंबूस वास, काळी जाड कातडी, हे वाचून माझा पहिला संशय मालासेझिया नावाच्या यीस्टवर. ती कातडीवर एरवीही असतेच, ॲलर्जीने कातडी बिघडली आणि हवेत दमटपणा असला की बेसुमार वाढते. मग मूळ ॲलर्जीची खाज एका बाजूला आणि यीस्टची खाज वर. हे ओळखायला मोठी मशीन लागत नाही, कातडीवर चिकटपट्टी दाबायची, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचं, शेंगदाण्यासारख्या पेशी दिसतात. कानातलाही असाच नमुना. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी हे एकदाही केलं नसेल तर करा म्हणून सांगा, लाजू नका.

हे दोन्ही आवरल्यावर जी खाज उरते ती बहुधा एक तर खाण्याची, नाही तर हवेतल्या-धुळीतल्या गोष्टींची, जिला आम्ही ॲटोपी म्हणतो. ॲटोपी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, लॅबमध्ये भरपूर दिसते, आणि पंजे, कान, काखा, पोट, तोंड हीच तिची ठरलेली ठिकाणं. ब्रुनो त्यात बसतो. पण वरून बघून "ॲटोपी" शिक्का मारायचा नसतो, बाकीचं सगळं वगळून तिथे पोचायचं असतं.

कायमचं बरं होतं का? खाण्याची निघाली तर ते खाणं बंद केलं की प्रश्न मिटतो. ॲटोपी असेल तर नाही, ती सांभाळायची असते. हे पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं पाहिजे, नाही तर मालक दर महिन्याला नवीन डॉक्टर शोधत फिरतो.

इंजेक्शनबद्दल रात्री लिहितो, आता दवाखान्यात लाइन आहे.

सत्तरीकर
म्हणजे आमचं करंजेल फुकट?

गुरांचा_डॉक्टर
फुकट नाही म्हणत. गंधक खरजेवर चालतो, गंधकाची औषधं जनावरांच्या खरजेला अजूनही वापरतात. तुमच्या आजोबांच्या कुत्र्यांना बहुधा खरूजच असणार आणि ती बरी झाली असणार. पण ॲलर्जी म्हणजे खरूज नव्हे. वरून कुत्रा तेल चाटतो, पोट बिघडतं, आणि यीस्ट असलेल्या कातडीवर तेलाचा थर म्हणजे तिला मेजवानी. टी ट्री ऑइल तर कोणी लावूच नका, ते कुत्र्यांना विषारी आहे.

मडगावची_मावशी
डॉक्टरांना +१. आमच्या पगला खाण्याचीच ॲलर्जी निघाली, चिकनची. पण ते शोधून काढताना घरात जे महाभारत झालं ते सांगते.

एलिमिनेशन डाएट म्हणजे काय, तर कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं एक मांस आणि एक पिठूळ पदार्थ, एवढंच, निदान आठ आठवडे. दुसरं काहीही नाही, म्हणजे खरंच काहीही नाही. आणि आपल्या गोव्यात कुत्र्याने न खाल्लेलं काय असतं हो? सकाळी पोदेर (पाववाला) आला की उंड्याचा म्हणजे पावाचा तुकडा, दुपारी शीत (भात) आणि बांगड्याचं डोकं, संध्याकाळी बिस्कीट. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं "मासे द्या, त्यांची ॲलर्जी कमी असते", अहो पण ते परदेशातल्या कुत्र्यांना, आमचा तर पिल्लू असल्यापासून नुस्त्यावर (मासळीवर) वाढलेला! म्हणून डॉक्टरांनी डुक्कर सुचवलं, म्हापशाच्या बाजारात ताजं मिळतं, मीठ-मसाला न घालता पूर्ण शिजवून द्यायचं (चोरीस म्हणजे आपलं मसालेदार सॉसेज नव्हे, कृपा करून). पण आमच्या सासूबाईंच्या स्वैपाकघरात ते येणं शक्य नव्हतं. शेवटी हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं तयार फूड आणलं, त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखू येत नाहीत. महाग आहे, पण भांडणं वाचली.

आता त्यातल्या फटी. गोळी दुधातून दिली, झालं. किडे-पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो, त्या काळात मानेवर टाकायचं औषध वापरायचं. शेजारची लहान मुलं प्रेमाने मारी बिस्कीट देतात. मोलकरणीला सांगितलं, तिने ऐकलं, तिच्या मुलाने नाही. आम्ही शेवटी गेटवर बोर्ड लावला, "याला काही देऊ नका, आजारी आहे", लोक वाचून आत येऊन काय झालं विचारत आणि विचारताना खिशातलं काहीतरी काढून देत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाज कमी झाली म्हणून तिथे थांबायचं नाही. जुनं खाणं परत देऊन बघायचं. परत खाजला तरच ती खाण्याची ॲलर्जी म्हणायची, नाही तर पाऊस संपला म्हणूनही बरं वाटलेलं असू शकतं. आमच्याने परत चिकन द्यायला हात उचलत नव्हता पण दिलं, दोन दिवसांत कान लाल.

पर्वरीकर
मावशी, एवढं करण्यापेक्षा रक्ताची टेस्ट होते ना? आमच्या ओळखीत एकाने करून घेतली, दोन पानांची यादी आली, तांदूळ, अंडं, गाजर, गवत, झुरळ, सगळंच.

गुरांचा_डॉक्टर
खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताची, लाळेची, केसांची कुठलीही टेस्ट भरवशाची नाही. निरोगी कुत्र्याचं रक्त पाठवलं तरी यादी येते. तुमच्या ओळखीच्यांनी तांदूळ आणि गाजर बंद केलं असेल बिचाऱ्याचं. मावशींनी लिहिलं तोच एक मार्ग.

धूळ, परागकण वगैरेंची रक्तातली किंवा कातडीतली टेस्ट वेगळी. ती निदान करायला नसते, निदान झाल्यावर लसीत काय घालायचं ते ठरवायला असते. ती लस म्हणजे इम्युनोथेरपी, ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं वाढवत टोचायचं. सुमारे ५० ते ७० टक्के कुत्र्यांना कमीजास्त फायदा होतो, पण वर्षभर थांबायची तयारी हवी, आणि अशा टेस्ट करणारे लोक आपल्या भागात थोडे. तरुण कुत्रा असेल, पुढे दहा वर्षं गोळ्या द्यायच्या नसतील तर विचार करण्यासारखं आहे.

आता इंजेक्शन. महिनाभर टिकणारं ॲलर्जीचं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा डेपो स्टिरॉइड. स्टिरॉइड हे विष नाही, चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, एखाद्या कुत्र्याने स्वतःला ओरबाडून रक्त काढलंय तर मी स्वतः चार-पाच दिवस प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी देतो. पण गोळी कमी करता येते, बंद करता येते. डेपो एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही, ते आठवडेच्या आठवडे काम करत राहतं. वारंवार घेतलं की पाणी फार पिणं, सारखी लघवी, भूक, पोट सुटणं, स्नायू गळणं, कातडी पातळ होणं, पुढे कुशिंगसारखी (अंगात स्टिरॉइड जास्त झाल्याच्या आजाराची) लक्षणं आणि कधी मधुमेह. आणि इन्फेक्शन झाकलं जातं, ते आत वाढतच राहतं. आपल्याकडे गोचिडांचा ताप केवढा आहे, स्टिरॉइडखाली तो दबून एकदम प्लेटलेट घसरलेल्या अवस्थेत कुत्रा येतो, अशा वेळी हात चोळत बसावं लागतं. तेव्हा केपेकर, काय दिलं ते नाव मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. आणि स्टिरॉइड चालू असताना सांध्यासाठी म्हणून मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक कोणी दिलं तर नको म्हणा, पोटात अल्सर होतात.

ताळगावची_तारा
सेट्रिझिन देऊन चालेल का? मेडिकलवाला म्हणाला माणसांचंच चालतं.

बार्देशी_बाय
चालतं म्हणजे नुकसान फारसं नाही, पण उपयोगही बेताचाच, आमचा दिवसभर झोपून राहायचा आणि उठला की खाजवायचा. आणि तारा, डोस डॉक्टरांनाच विचार, शिवाय गोळीच्या नावामागे डी असेल किंवा सर्दीचं काही मिसळलेलं असेल तर अजिबात नको. माणसांची मलमंही नकोत. तीन औषधं एकत्र असलेलं ते खाजेचं ट्यूब आपल्या प्रत्येक घरात असतं ना, त्यात कडक स्टिरॉइड असतं, कुत्रा ते चाटून खातो. सोरायसिसच्या मलमातलं कॅल्सिपोट्रिऑल तर थोडं चाटलं तरी जीवावर बेततं.

पर्वरीकर
ओक्लासिटिनिबवर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. अपोक्वेल या नावाने ते अमेरिकेत २०१३ मध्ये आलं. आमच्या गोल्डनला ॲटोपीसाठी चालू आहे. स्टिरॉइड नाही ते, खाजेचा निरोप मेंदूकडे जाण्याची जी साखळी आहे ती मध्येच तोडतं. पहिले १४ दिवसांपर्यंत दिवसातून दोनदा, नंतर एकदा, वजनाप्रमाणे. पहिल्याच दिवशी फरक कळतो. पाणी-लघवी वाढत नाही. पण एक वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत, मोठं इन्फेक्शन असताना देत नाहीत, आणि आमचे डॉक्टर अधूनमधून रक्त तपासतात, अंगावर नवीन गाठ दिसली तर कळवा म्हणतात. खर्च? मोठ्या कुत्र्याचा महिन्याचा खर्च हजारांतच जातो, ते मनाशी धरूनच सुरू करा, आणि मध्येच बंद केलं की खाज परत, काही जादूने मुळापासून जात नाही.

सायटोपॉइंट म्हणून इंजेक्शनही आहे, त्यात लोकिवेटमॅब नावाची अँटिबॉडी असते, ती खाज आणणाऱ्या इंटरल्युकिन ३१ लाच जाऊन पकडते. चार ते आठ आठवडे टिकतं. गोळ्या न खाणाऱ्या कुत्र्याला बरं, आणि वयाची अट नाही. तुमच्याकडे मिळतं का ते डॉक्टरांना विचारून बघा.

गुरांचा_डॉक्टर
बरोबर लिहिलंत. यात सायक्लोस्पोरिन घाला, ५ मिलिग्रॅम किलोमागे, पण त्याला गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला उलट्या होतात, लोक तिथेच सोडून देतात. आणि यातलं कुठलंही औषध पिसवा किंवा यीस्ट मारत नाही. ते न बघता ओक्लासिटिनिब सुरू केलं आणि "काम करत नाही" म्हणून शिव्या घातल्या, असं फार होतं.

मडगावची_मावशी
शाम्पूचं पण सांगा कोणीतरी, लोक लावतात आणि लगेच धुतात.

बार्देशी_बाय
मी सांगते, याच विषयात माझी पीएचडी आहे :) क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू, यीस्टला तोच. आधी कोमट पाण्याने अंग भिजवायचं, शाम्पू बोटांच्या मधे, काखेत, जांघेत चोळायचा, आणि मग घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. ही दहा मिनिटं हाच खरा उपचार, लगेच धुतलं तर पैसे मोरीत. कुत्रा थांबत नाही, मान्य, आम्ही पाट्यावर थोडं दही फासून भिंतीला टेकवतो, ते चाटेपर्यंत वेळ जातो (मावशींसारखं डाएट चालू असेल तर दही नाही). सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, नंतर कमी. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही.

पण पावसाळ्यात खरी गोची सुकवण्याची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना बुरशी येते तिथे लॅबचे दाट केस कसे सुकणार? टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, पंख्याखाली बसवायचं, बोटांच्या खाचा सुक्या कपड्याने एकेक करून. बाहेरून फिरून आला की पाय धुऊन तसंच. झोपायचं गोणपाट टाकून द्या सरळ, जुनी चादर घाला आणि ती आठवड्याला गरम पाण्यात, ६० अंशाला धुवा, धुळीतले किडे त्याने मरतात. दमट हवेत ते किडे मजेत वाढतात, आणि कोरड्या खाण्याच्या मोठ्या पोत्यातसुद्धा किडे होतात, पोतं लहान आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ताळगावची_तारा
ओमेगा ३? तारले मासे खाऊन होत नाही का काम?

गुरांचा_डॉक्टर
तारल्यात असतं, पण कातडीसाठी लागतं ते बरंच जास्त, त्यासाठी फिश ऑइलच वजनाप्रमाणे द्यावं लागतं आणि फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. एकटं पुरत नाही, पण दुसऱ्या औषधाची मात्रा कमी करायला मदत होते. कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात ए आणि डी जीवनसत्त्व जास्त होतं.

मिरामारचा_वाटसरू
आमच्या बीचवरच्या एका मोकाट कुत्रीचे कान-कोपरं पूर्ण टकली झालीत, प्रचंड खाजवते, तिलाही ॲलर्जीच का? खायला घालणाऱ्या काकूंच्या हातावरही पुरळ आलंय.

गुरांचा_डॉक्टर
कानाच्या कडा, कोपरं आणि सोबत माणसालाही पुरळ, म्हणजे बहुतेक खरूज. ॲलर्जी माणसाला लागत नाही. वर लिहिलेल्या गटातली गोळी खाण्यातून देता येते, पकडून आंघोळ घालायची गरज नाही, वजनाचा अंदाज घेऊन पशुवैद्याला विचारा. आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, काही कुत्र्यांना ते झेपत नाही. काकूंना त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा.

केपेकर
धागा वर काढतोय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पट्टी लावून बघितलं, यीस्ट पंजात आणि कानात दोन्हीकडे, भरपूर. पिसवांची गोळी दिली. शाम्पू बायच्या पद्धतीने चालू केला, कानात औषध. काळी कातडी अजून आहे पण मऊ झाली, वास गेला, खाज साधारण निम्म्यावर आली. डाएटही केलं, मटण आणि रताळं, ब्रुनोने मटण कधी खाल्लं नव्हतं (आम्हालाच परवडत नाही). त्याने काहीच फरक पडला नाही, जुनं खाणं परत दिलं तरी खाज तेवढीच. म्हणजे खाण्याची नाही. आता डॉक्टर ओक्लासिटिनिब म्हणताहेत, घरी आईला भीती की हीपण स्टिरॉइडच असणार. आणि ऑक्टोबरात त्याची रेबीजची लस आहे, गोळी चालू असताना चालेल का?

पर्वरीकर
आईंना सांगा स्टिरॉइड नाही, पण औषध आहे, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. पाऊस गेल्यावर आमच्याकडे मात्रा कमी करून बघतात, तुमच्याकडेही जमेल कदाचित, डॉक्टरांशी बोलून.

गुरांचा_डॉक्टर
लस चुकवू नका. गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं म्हणून लोक निवांत झालेत, तसं होऊ नका. टोचायला नेताना गोळी चालू आहे, किती दिवसांपासून आणि किती मिलिग्रॅम, हे सांगा, त्या दिवशी ताप किंवा जुलाब नसावेत. आणि पिसवांची गोळी चालूच ठेवा, खाज थांबली म्हणून ती बंद करायची नाही.

केपेकर
ठीक. कान किती दिवसांनी साफ करायचे, आठवड्याला?

गुरांचा_डॉक्टर
आठवड्याला एकदा, कानाच्याच औषधी पाण्याने. इअर बड आत घालू नका, कापसाने बाहेरचं जेवढं दिसतं तेवढंच पुसा. लाल किंवा दुखरा असेल तर आधी दाखवा, पडदा फाटलेला असेल तर कुठलंही पाणी ओतायचं नसतं.